कुरालायला कोणी पाहिलंय का?

१४ जानेवारी

आज चॅनलप्रमुख बेकझात आगांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावून भिंतीवर रेटिंगचा तक्ता दाखवला. आम्ही चौथे. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम फिरवून फिरवून दाखवणारं चॅनलही आमच्या पुढे.

"आठ मार्चला 'खिंडीपलीकडे' परत सुरू होतेय," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी अख्खं अल्माटी टीव्हीसमोर बसलं पाहिजे. नाही बसलं, तर एप्रिलपासून या चॅनलला प्रसिद्धी विभागाची गरज नाही. ही धमकी नाही बरं का, मारजान." आणि बशीतला तळलेला बाऊरसाक उचलून शांतपणे खाऊ लागले.

प्रसिद्धी विभाग म्हणजे मी, प्रोमो कापणारा-जोडणारा सान्झार आणि फोनवर बसणारी मेरुएर्त. आमच्यातलं कोण राहणार नि कोण जाणार, हे तिघांनाही ठाऊक आहे. तिघंही जाणार.

मालिका बंद पडून दोन वर्षं झाली. सासरच्या जाचाला कंटाळून पळालेली कुरालाय शेवटच्या भागात बर्फाच्या वादळात खिंडीत नाहीशी झाली, आणि नेमकं तेव्हाच निर्मात्याचं नि चॅनलचं वाजलं. त्या वेळी बायका दुकानात एकमेकींना विचारायच्या, वाचली का गं ती? आता कुणी विचारत नाही. सगळ्या तुर्की मालिकांना चिकटल्यात. घरी आले तर बाबाही तीच लावून बसलेले.

"बाबा, निदान माझ्या पगाराची तरी लाज बाळगा."

"तुमच्याकडे काही बघण्यासारखं लागलं की सांग. लगेच बदलतो."

१९ जानेवारी

सुचलं!

बसथांब्याच्या काचेवर एक साधा कागद चिकटवलेला होता. कुणी एक म्हातारे गृहस्थ घरातून निघाले ते परत आले नाहीत, अंगात तपकिरी कोट. शेजारी बँकेची केवढी तरी झगमगीत जाहिरात, तिच्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. कागद मात्र येणारा-जाणारा थांबून वाचत होता. मीही वाचला आणि बस चुकवली.

आपणही असाच कागद लावायचा. हलका, करडा, घरच्या प्रिंटरवर काढल्यासारखा. नटीचा बिनमेकअपचा फोटो. चॅनलचं नाव नाही, मालिकेचं नाव नाही. 'कुरालायला कोणी पाहिलंय का? वय तेवीस. हिरवा रुमाल. सासरहून नाहीशी.' आणि खाली माझं वाक्य, ज्यावर मी स्वतःच खूश आहे: 'पोलीस शोधत नाहीत. तुम्ही शोधा. दिसली तर फोन करा.'

सान्झार म्हणाला, "मारजान, तू राक्षसीण आहेस." हे त्याचं कौतुक.

मेरुएर्त मात्र नखं कुरतडत म्हणाली, "आणि खरंच कुणी हरवलेलं असलं तर? त्यांचा फोन आला तर मी काय बोलू?"

"ज्यांचं माणूस खरं हरवतं, ते पोलिसांत जातात गं. आपल्याला फोन करणाऱ्यांना मजा हवी असते."

बेकझात आगा नुसते हसले. म्हणजे मंजूर.

२ फेब्रुवारी

कागद लागले. थांबे, बाजार, दवाखाने, शहराबाहेरच्या वस्त्यांपर्यंत. मेरुएर्तला श्वास घ्यायला फुरसत नाही. पोरं फोन करून खिदळतात. एकानं कुरालाय त्याच्या कपाटात असल्याचं सांगितलं. एका बाईनं नुसतीच चौकशी केली, सापडली का हो बिचारी, आणि रडली. प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो. सर्वांत भन्नाट फोन करणाऱ्याला चित्रीकरणाच्या जागी एक दिवस फिरवून आणायचं, असं ठरलंय.

६ फेब्रुवारी

आज एक हिराच सापडला. मेरुएर्तनं मला मुद्दाम बोलावून ऐकवला. बातिमा नावाची म्हातारी, कास्केलेनकडच्या वस्तीतली.

"पोरी, तुमची मुलगी आमच्या शेजारी आहे. हिरव्या फाटकाच्या घरात. अंगणात अक्रोड आहे बघ, त्याच्या मागची खिडकी. नव्या वर्षाला आणली तिला. त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. आधी ती रडायची, मला भिंतीतून ऐकू यायचं. आता रडतही नाही."

मेरुएर्त विचारते, "आपा, तुम्ही पोलिसांत कळवलंत का?"

"पोलीस आला होता. त्याच घरचा चुलतभाऊ. मांस खाल्लं, हात पुसले, गेला. तुम्हीच लिहिलंय ना, ते शोधत नाहीत म्हणून? मग या की तुम्ही."

अंगावर काटा आला. काय तो आवाज! सान्झार म्हणाला, "नाटकशाळेत चार वर्षं घासूनही असा 'मग या की' कुणाला जमणार नाही." मालिका तोंडपाठ असल्याशिवाय इतकं हुबेहूब रचता येत नाही. पहिल्या पर्वातही कुरालायचा दीर पोलिसातच होता.

मेरुएर्तनं तो फोन पुन्हा लावून ऐकला. तिचं म्हणणं, म्हातारीला आपण खरं काय ते सांगावं. मी म्हटलं, म्हातारीला सगळं माहितेय, तीच आपल्याला खेळवतेय.

११ फेब्रुवारी

बातिमाचा आवाज प्रोमोत घेतला. काळा पडदा, वाऱ्याचा आवाज आणि तिचं बोलणं: हिरवं फाटक, अक्रोड, मागची खिडकी, 'आता रडतही नाही.' मग नुसतं: आठ मार्च, साडेआठ वाजता.

बाबांना घरी दाखवला. त्यांनी चष्मा काढला. "ही बाई नाटक करत नाहीये, मारजान."

"म्हणूनच तर चांगलंय, बाबा."

ते आत जाऊन पडले. हल्ली लवकर थकतात.

१५ फेब्रुवारी

प्रोमो लोकांनी फोनवरून फोनवर इतका पाठवला की बेकझात आगांनी मला जिन्यात थांबवून हात मिळवला. चार वर्षांत पहिल्यांदा.

बातिमा आपांचा मात्र फोन आला, चांगल्याच तापल्या होत्या. "मी तुम्हाला सांगितलं, का साऱ्या मुलखाला? गल्लीत सगळ्यांनी माझा आवाज ओळखला. त्या फाटकवाल्यानंही ओळखला. खिडकीला फळ्या मारल्या त्यानं, कळतंय का?"

त्यांची परवानगी घ्यायची राहून गेली, ही चूकच झाली. वकील ओरडले. दोन-तीन दिवसांत स्वतः जाऊन सही घेते. एक शाल नि मिठाईचा डबा नेईन. सान्झारही कॅमेरा घेऊन येतोय. 'जिनं कुरालायला शोधलं ती आजी' असा छोटासा भाग सहज होईल.

१८ फेब्रुवारी

किती दमले तरी आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

बातिमा आपा वाळून काटकी झालेल्या, डोळे मात्र चाकूसारखे. शालीकडे त्यांनी बघितलंही नाही. माझी बाही धरून थेट म्हणाल्या, "आलीस एकदाची. दोघंच आलात? बरं, चल." आणि आम्हाला हिरव्या फाटकाकडे ओढत नेलं. सान्झारनं कॅमेरा सुरूच ठेवला. माझ्या गळपट्टीला माइक होता.

मला वाटलं होतं, शेजारी अंगावर धावून येणार. उलट माणूस फार सभ्य निघाला. केंझेबेक, चाळिशीचा, स्वतःचे दोन ट्रक. "या, या! तुमच्यामुळे सारी गल्ली मला हसतेय. आता तुम्हीच बघा आणि सगळ्यांना दाखवा. घरात काय चोरून ठेवलंय मी?" त्यानं बातिमा आपांना आत घेतलं नाही, एवढंच. त्यांच्या तोंडावर फाटक लावलं. शेजाऱ्यांची भांडणं, आपण काय बोलणार.

आत टेबल मांडलेलं होतं. त्याची आई बसलेली, दगडासारखी. केंझेबेकनं हाक मारली, "सूनबाई, चहा!" आणि ती आली.

खरंच थोडी कुरालायसारखी दिसते. हनुवटीपर्यंत रुमाल, बोटांपर्यंत बाह्या, नजर खाली. आजकाल इतकी मर्यादशील मुलगी शहरात बघायला मिळत नाही. ती डाव्या हातानं चहा ओतू लागली तेव्हा सासू खेकसली, "उजव्या हातानं!" केंझेबेक हसून म्हणाला, "असू दे आई, बर्फावरून घसरून पडलीय ती." मागच्या खिडकीच्या फळ्यांचंही त्यानं आपणहून सांगितलं. वारा येतो म्हणून. मी सुनेला विचारलं, मालिका बघतेस का? तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मान हलवली.

निघताना गोड प्रसंग झाला. केंझेबेक सान्झारला ट्रक दाखवायला बाहेर घेऊन गेला, कॅमेरा दारापाशी स्टुलावर तसाच सुरू राहिला, आणि ती माझे हातमोजे घेऊन दारापर्यंत आली. अगदी हळू म्हणाली, "आपा, त्या कागदावरचा नंबर तुमचाच ना?"

"आमचाच!"

"सापडली तर तुम्ही न्यायला येता ना?"

मला हसू आलं. म्हटलं, "सगळं आठ तारखेला कळेल. साडेआठला टीव्ही लाव."

"आठ तारीख फार लांब आहे," ती म्हणाली.

बघा! आपल्या मालिकेसाठी एवढी आतुर झालेली माणसं आहेत, आणि बेकझात आगा म्हणतात लोक विसरले.

२१ फेब्रुवारी

भाग तयार झाला. जरा विनोदी अंगानंच केला, कारण प्रकार विनोदीच होता. आजी ओढत नेते, फाटक उघडतं, गंभीर संगीत... आणि सून चहा घेऊन येते! 'ही कुरालाय नव्हे. खरी कुरालाय आठ मार्चला.' केंझेबेकचा फोन आला, खूप खूश होता. म्हणाला, माझी अब्रू वाचवलीत, तुमच्या सगळ्या मंडळींना जेवायला घालीन.

बातिमा आपांनी सही केलीच नाही. आता नकोच म्हणावं, वकिलांनी आवाज बदलून घेतलाय.

मेरुएर्तनं तो भाग बघितला आणि टेबलावरून उठून गेली. परत आली तेव्हा डोळे लाल. तिचं घरी काहीतरी बिनसलंय वाटतं.

२८ फेब्रुवारी

बातिमा आपांचे फोन येणंच बंद झालं. मेरुएर्तनं उलट फोन केला तर म्हणाल्या, "आता गल्लीतली पोरं मला वेडी म्हणतात. मी सांगितलं तर यापुढे कुणी ऐकायचं नाही. ते काम तुम्ही चोख केलंत."

मनाला लागलं. पहिला भाग लागला की त्यांना चित्रीकरण बघायला घेऊन जाईन, गाडी पाठवून. कशानं तरी रुसवा जाईलच.

८ मार्च

सकाळी चॅनलनं सगळ्या बायकांना ट्यूलिप दिली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पहिला भाग बघितला. कुरालाय मेंढपाळाच्या घरात शुद्धीवर येते आणि पाणी मागते, तिथं बेकझात आगांनीही नाक शिंकरलं. बाबांनी घरून संदेश पाठवला: 'बदललं चॅनल.'

आज मी सुखी आहे. हे लिहून ठेवते, कारण मी असं क्वचित लिहिते.

१० मार्च

पहिले! तुर्कांच्याही पुढे, आणि थोडेथोडके नाही. विभाग राहणार. मला बढती, सान्झारला नवीन यंत्र. मेरुएर्तला पगारवाढ सांगितली तर नुसतं "बरं" म्हणाली.

१२ मार्च

मेरुएर्तनं फोन माझ्यापुढे धरला. बातमी चार ओळींची. कास्केलेनजवळच्या वस्तीत घरातल्या कोळशाच्या शेगडीच्या धुरानं तरुण सुनेचा मृत्यू. घरची बाकी माणसं नातेवाइकांकडे गेली होती. शेगडी वापरताना काळजी घ्यावी.

खाली फोटो. हिरवं फाटक.

"तरी मी म्हणत होते," एवढंही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सान्झारकडून त्या दिवसाचं मूळ चित्रीकरण मागून घेतलं आणि कानाला हेडफोन लावून ऐकलं. माइक माझ्या गळपट्टीला होता, त्यामुळे तिचा प्रत्येक श्वास आलाय. ती बोलण्यापूर्वी तीनदा श्वास घेते. मागून सासूची चाहूल लागताच थांबते, मग पुन्हा बोलते. आणि वर माझं हसणं. मी इतक्या मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं.

तो प्रसंग मी तीन आठवडे जो भेटेल त्याला गोड म्हणून सांगत होते.

१३ मार्च

बेकझात आगांकडे गेले. त्यांना बातमी आधीच कळली होती. दार लावून घेतलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"धुरानं दर हिवाळ्यात माणसं मरतात, मारजान."

"आगा, त्या घरी माणसं नव्हती आणि ती एकटीच होती. मागच्या खिडकीला फळ्या होत्या. तिचा हात मोडलेला होता. ती मला म्हणाली—"

"ती काय म्हणाली ते तुला आत्ता कळलं. तेव्हा का नाही कळलं?" आवाज जराही चढवला नाही त्यांनी. "आपण मनोरंजन करतो. पोलिसांचं काम पोलिसांनी करावं."

"कागदावर आपण लिहिलं होतं की ते करत नाहीत."

"ते वाक्य तुझं होतं."

मग म्हणाले, फोनचं ध्वनिमुद्रण वकिलांच्या सांगण्यावरून पुसलं जाईल, चित्रीकरणही. दुपारपर्यंत फोन पुसलेही गेले. ते सान्झारनं केलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला दोन पोरं आहेत." मला त्याचा राग आला नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, आणि मी ते काढून देत नव्हते, आणि देणार नाही असंही म्हणत नव्हते. अशीच घरी आले.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. त्यांनी सूप गरम केलं, समोर बसले आणि मी संपवेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, "आता जा त्या म्हातारीकडे."

१४ मार्च

बातिमा आपांनी दार उघडलं. मला वाटलं थोबाडीत मारतील. मारली असती तर मी गाल पुढे केला असता.

"शेवटच्या रात्री तो ट्रक घेऊन गेला, आई शेजारी बसलेली," त्या म्हणाल्या. "धूर मी सकाळी पाहिला. दार बाहेरून लावलेलं होतं, पोरी. मी उघडलं, या हातांनी. हे मी त्या पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, आजी, तुम्ही टीव्हीवाल्या ना?"

"माझ्याबरोबर शहरात पोलिसांच्या मोठ्या कचेरीत येता?"

"कशाला? तिथंही टीव्ही असेलच."

तरी त्यांनी कोट चढवला. वाटेत बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत, पुढच्या बाकावर बसल्या.

तपास अधिकारी तरुण होता, सर्दीनं बेजार. कार्ड लावून त्यानं सगळं बघितलं, शेवटचं दोनदा. मग आपांचं दाराबद्दलचं म्हणणं लिहून घेतलं. ते लिहिताना त्यानं रुमाल बाजूला ठेवला. निघताना मला म्हणाला, "हे तुमच्या चॅनलनं पाठवलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्हाला तिथं काम करणं अवघड जाईल." मी म्हटलं, हो.

२० मार्च

मला काढलं. बढतीचा कागद आणि काढल्याचा कागद एकाच लिफाफ्यात आले, कारकुनाचा घोळ. मेरुएर्त स्वतःहून सोडून गेली.

केंझेबेकला ताब्यात घेतलं, सोडलं, पुन्हा बोलावलं. त्या पोलीस चुलतभावाची बदली झाली म्हणतात. शिक्षा होईल का, कुणी सांगू शकत नाही. मालिका अजून पहिली आहे.

२५ मार्च

पोलीस कचेरीच्या व्हरांड्यात त्या मुलीची आई भेटली. उल्झान, आरालकडच्या गावाहून दोन दिवस रेल्वेनं आलेली. मुलगी इथं परिचारिकेचं शिकत होती. नव्या वर्षाला फोनवर म्हणाली, आई, माझं लग्न झालं, आणि रडली. मग फोन बंद. "मी म्हटलं, नवी नवरी आहे, लाजत असेल. लेक सासरी गेली की आईनं सारखं फोन करू नये म्हणतात. मी नाही केला."

तिचं नाव अकजिबेक होतं. मी तिच्या घरी चहा प्यायले, तिला टीव्हीवर दाखवलं, आणि नाव विचारलं नव्हतं.

मी कोण ते उल्झान आपांना सांगितलं. सगळं. माझं उत्तरसुद्धा, जसं दिलं तसं. त्या बराच वेळ हातातल्या पिशवीच्या बंदाला गाठी मारत राहिल्या, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे ते आहे? दाखव."

फोनवर प्रत ठेवली होती, ती दाखवली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. "आवाज वाढव." शेवटी म्हणाल्या, "किती वाळलीय," आणि फोनच्या काचेवर अंगठा फिरवला. चित्र पुढे सरकून गेलं तेव्हा दचकल्या.

१७ मे

अकजिबेकला तिच्या गावी मूठमाती मिळून महिना होऊन गेला. कबरीचा दगड मात्र इथं घडवताहेत, कोरणारा चांगला आहे. उल्झान आपा त्यासाठी परत आल्या, आमच्याकडेच उतरल्या. बाबा त्यांना चहा करून देतात, दोघं फार बोलत नाहीत.

दगडावर चेहरा कोरायचा तर फोटो हवा. त्यांच्याकडचा शेवटचा फोटो शाळेतला, गुबगुबीत गालांचा, त्यात ती ओळखूही येत नाही. म्हणून त्यांनी माझ्याकडच्या चित्रीकरणातला मागितला. मी दिवसभर बसून एकेक चौकट बघितली. बहुतेकांत नजर खाली. दारातल्या तेवढ्या क्षणी तिनं मान वर केलीय. ती चौकट काढली, रुमालाभोवतीचा अंधार उजळला, कोपऱ्यातली सासूची सावली पुसली.

आज दोघी ती घेऊन कोरणाऱ्याकडे गेलो. त्यानं फोटो खिडकीपाशी नेऊन निरखला.

"चेहरा चांगला येईल," तो म्हणाला. "फक्त नजर समोर नाही. बाजूला कुणाकडे तरी बघतेय. हवी तर मी सरळ करून देतो, कळणारही नाही."

मी उल्झान आपांच्या मागे उभी होते. त्या वळल्या नाहीत.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. कुणाकडे तरी बघत होती ती."